डिस्ट्रोचं पॅकेज की मूळ सोर्स: सॉफ्टवेअर कुठून बसवायचं ते कसं ठरवाल

लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर हवं असतं. डिस्ट्रोच्या (म्हणजे डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाच्या) पॅकेज मॅनेजरला विचारलं तर ते मिळतं, पण दीड-दोन वर्षांपूर्वीचं. मूळ प्रकल्पाच्या पानावर मात्र ताजी आवृत्ती असते आणि शेजारीच तीन ओळींची कृती: टारबॉल (सोर्स कोडची दाबून बांधलेली फाइल) उतरवा, कंपाइल करा, इन्स्टॉल करा. एवढं काम कोणालाही जमतं. अडचण त्यानंतरच्या दोन वर्षांत येते, आणि त्या दोन वर्षांचा विचार बसवतानाच करायला हवा.

डिस्ट्रोच्या पॅकेजमागे एक मेंटेनर असतो. सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली की पॅच लावणं, पुन्हा बिल्ड करणं, बाकीच्या पॅकेजांशी जुळतंय का ते बघणं ही कामं तो करतो आणि दुरुस्ती तुमच्याकडे नेहमीच्या अपडेटमधून आपसूक येते. सोर्समधून बसवलं की त्या सॉफ्टवेअरपुरते मेंटेनर तुम्ही. म्हणून नवी आवृत्ती कुठे मिळेल हे शोधण्याआधी एक गोष्ट ठरवा: उद्यापासून याच्याकडे लक्ष कोण देणार? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नावर उभ्या आहेत. उदाहरणं मुख्यतः डेबियन आणि उबुंटूची घेतली आहेत. फेडोरा, रेड हॅट किंवा ओपनसुसे वापरत असाल तर आज्ञा बदलतील, विचार तोच राहील.

पहिली पायरी: पॅकेज खरंच जुनं आहे का ते बघा

आवृत्तीचा आकडा जुना दिसला म्हणजे आतला कोड जुना, असं नसतं. डेबियन स्टेबल, रेड हॅट एंटरप्राइझ आणि उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारं प्रकाशन) या तिघांची रीत एकच आहे: प्रकाशनाच्या वेळी आवृत्ती गोठवायची आणि पुढे फक्त दुरुस्त्या मागे आणून त्या गोठलेल्या आवृत्तीत बसवायच्या. याला बॅकपोर्ट म्हणतात.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधली हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा हे ठळकपणे दिसलं. त्रुटी १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत होती आणि मूळ प्रकल्पाने १.०.१जी काढून ती मिटवली. त्या वेळी स्टेबल असलेल्या डेबियन व्हीझीमध्ये दुरुस्त झालेल्या पॅकेजची आवृत्ती मात्र १.०.१ई-२+डेब७यू५ अशी होती. नुसतं "१.०.१ई" वाचणाऱ्याला हे मशीन उघडं पडलंय असंच वाटलं असतं. खरी माहिती शेवटच्या "+डेब७यू५" या शेपटीत होती. सुरक्षा तपासणारी कित्येक स्कॅनर साधनं आजही फक्त पुढचा आकडा वाचून खोटी धोक्याची घंटा वाजवतात. मग कोणीतरी घाईघाईने सोर्समधून "नवी" लायब्ररी बसवतं आणि दुरुस्त झालेली गोष्ट बिघडवून ठेवतं.

तेव्हा आधी हे करा. डेबियन-उबुंटूचा पॅकेज मॅनेजर म्हणजे ॲप्ट. त्याला "ॲप्ट पॉलिसी" आणि पुढे पॅकेजचं नाव द्या. बसलेली आवृत्ती, मिळू शकणारी आवृत्ती आणि ती कुठल्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) येते, हे तिन्ही समोर येतं. मग "ॲप्ट चेंजलॉग" चालवा आणि ज्या त्रुटीची चिंता आहे तिचा सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटीला मिळणारा ओळख क्रमांक) त्यात शोधा. आरपीएम वापरणाऱ्या डिस्ट्रोमध्ये "आरपीएम -क्यू --चेंजलॉग" हेच काम करतं. डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर सीव्हीई क्रमांक टाकला तर कुठल्या प्रकाशनात काय स्थिती आहे तेही दिसतं. कधीकधी "ही त्रुटी ज्या कोडमध्ये आहे तो कोडच या आवृत्तीत नव्हता" असं उत्तर मिळतं. जुनं असण्याचा हा फायदा फारसा कोणी मोजत नाही.

मात्र डिस्ट्रोमध्ये आहे म्हणजे सांभाळलेलं आहे, हेही गृहीत धरू नका. उबुंटूमध्ये "मेन" विभागाला एलटीएस प्रकाशनावर ५ वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. "युनिव्हर्स" हा प्रचंड मोठा विभाग समुदायाच्या हाती असतो आणि तिथल्या दुरुस्त्यांची तशी हमी उबुंटू प्रो जोडल्यावरच मिळते. "ॲप्ट पॉलिसी"च्या उत्तरात विभागाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा. डेबियनच्या स्टेबल प्रकाशनाला साधारण ३ वर्षं नियमित आणि त्यापुढे एलटीएस धरून एकूण ५ वर्षं आधार मिळतो. चेंजलॉगमध्ये दोन वर्षांत एकही नोंद नसेल आणि मूळ प्रकल्पाने दरम्यान सुरक्षा दुरुस्त्या काढल्या असतील, तर त्या पॅकेजमागे प्रत्यक्षात कोणी नाही असं समजा. अशा ठिकाणी अपस्ट्रीमकडे (म्हणजे मूळ प्रकल्पाकडे) जायला ठोस कारण आहे.

दुसरी पायरी: नक्की काय हवंय ते एका वाक्यात लिहा

"नवी आवृत्ती हवी" ही गरज झाली नाही. "या फाइलचा हा फॉरमॅट वाचता यायला हवा आणि ती सोय अमुक आवृत्तीत आली" ही गरज झाली. अडलं आहे ते एखाद्या बगमुळे असेल तर तो कुठल्या कमिटने सुटला ते शोधा. पुढे कदाचित तेवढाच एक पॅच पुरेल. वाक्य लिहिता आलं नाही तर डिस्ट्रोचंच पॅकेज ठेवा आणि पुढच्या कामाला लागा.

वाक्य लिहिता आलं तर ते सॉफ्टवेअर कुठल्या थरातलं आहे ते बघा. कर्नल, जीलिबसी (सी भाषेची मूलभूत लायब्ररी), ओपनएसएसएल, ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिनसाठी), सिस्टमडी (सेवा चालवणारा) आणि सिस्टमचं स्वतःचं पायथॉन हा पाया आहे. तो सोर्समधून बदलू नका. जीलिबसी तर अजिबात नाही, कारण मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो आणि ती बिघडली तर दुरुस्तीसाठी लागणारी साधनंही चालत नाहीत. डेटाबेस आणि वेब सर्व्हरसारख्या सेवांसाठी मूळ प्रकल्प बहुधा स्वतःची रिपॉझिटरी चालवतो. ती कशी जोडायची ते पुढे येतंच.

काही साधनं मात्र अशी आहेत की गोठवलेली आवृत्ती निरुपयोगीच ठरते. वायटी-डीएलपी हे त्याचं चोख उदाहरण. ज्या संकेतस्थळांवरून ते व्हिडिओ उतरवतं ती सतत बदलतात, त्यामुळे वर्षभरापूर्वीची आवृत्ती चालण्याची शक्यता कमीच. असं साधन अपस्ट्रीमकडूनच घ्यावं, आपल्या होम डिरेक्टरीत ठेवावं, रूटचा (सर्वाधिकारी युजरचा) हात लावू नये. ब्राउझरचंही असंच आहे. डेबियननेही फायरफॉक्सपुरता गोठवण्याचा हट्ट सोडला आहे आणि स्टेबलमध्ये ईएसआर (दीर्घकाळ आधाराच्या) शाखेच्या नव्या आवृत्त्या येत राहतात.

तिसरी पायरी: मधले मार्ग आधी तपासा

डिस्ट्रोचं पॅकेज एका टोकाला आणि "मेक इन्स्टॉल" (सोर्समधून थेट बसवणं) दुसऱ्या टोकाला. मधल्या वाटा जितक्या डिस्ट्रोजवळच्या, तितकं तुमचं काम कमी.

सगळ्यात जवळची वाट बॅकपोर्ट्स रिपॉझिटरीची. पुढच्या डेबियनसाठी तयार झालेलं पॅकेज सध्याच्या स्टेबलवर पुन्हा बिल्ड करून तिथे ठेवलेलं असतं. तिची प्राधान्यता १०० आणि नेहमीच्या रिपॉझिटरीची ५००, त्यामुळे ती नुसती जोडल्याने काहीच आपोआप बदलत नाही. "-टी" पर्यायाने बॅकपोर्ट्सचं नाव घेऊन एकेक पॅकेज मागावं लागतं, आणि एकदा घेतलं की त्याच्या पुढच्या आवृत्त्या आपसूक मिळतात. स्टेबलसारखं सुरक्षा पथक मात्र इथे पाठीशी नसतं.

इथे एक सापळा आहे. स्टेबल मशीनच्या यादीत टेस्टिंग किंवा सिडची (डेबियनच्या अजून घडत असलेल्या शाखांची) रिपॉझिटरी जोडून "फक्त एक पॅकेज" घेण्याचा मोह होतो. ते एक पॅकेज नवी जीलिबसी मागतं आणि तिच्यामागून इतर लायब्ररी येतात. हळूहळू मशीन ना स्टेबल राहतं ना टेस्टिंग. डेबियनच्या विकीवर याला "फ्रँकेनडेबियन" असं नावच आहे. या वाटेने जाऊ नका.

दुसरी वाट मूळ प्रकल्पाच्या स्वतःच्या ॲप्ट किंवा आरपीएम रिपॉझिटरीची. पोस्टग्रेएसक्यूएलचं उदाहरण घ्या. डेबियन १२ मध्ये त्याची १५ वी आवृत्ती आहे, डेबियन १३ मध्ये १७ वी. प्रकल्प स्वतः प्रत्येक मुख्य आवृत्ती ५ वर्षं सांभाळतो आणि त्याच्या ॲप्ट रिपॉझिटरीत सगळ्या चालू मुख्य आवृत्त्या एकाच वेळी मिळतात. तुमचं ॲप्लिकेशन एका ठरावीक आवृत्तीला बांधलेलं असेल तर ही वाट डिस्ट्रोपेक्षा सरस आहे. दुरुस्त्या करणारी माणसं खुद्द पोस्टग्रेएसक्यूएलची आणि त्या पोहोचवणारा तुमचाच ॲप्ट.

पण बाहेरची रिपॉझिटरी जोडणं म्हणजे तिच्या मालकाला मशीनवर रूटचा अधिकार देणं, हे पक्कं लक्षात ठेवा. पॅकेज बसताना त्यातली स्क्रिप्ट रूट म्हणून चालते. त्या रिपॉझिटरीने उद्या जास्त आकड्याची "लिबसी६" (जीलिबसीचं पॅकेज) ठेवली तर तुमचा ॲप्ट ती निमूट घेईल. यासाठी दोन गोष्टी कराच.

एक, तिची सही तपासणारी की (डिजिटल किल्ली) ट्रस्टेड.जीपीजी.डी डिरेक्टरीत टाकू नका. तिथली की सगळ्याच रिपॉझिटरींसाठी चालते. ती /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवा आणि त्या रिपॉझिटरीच्या नोंदीत "साइन्ड-बाय" लिहून फक्त तिच्यापुरती बांधा. जुन्या सूचनांमध्ये "ॲप्ट-की ॲड" दिसेल. ती पद्धत याच कारणाने मोडीत निघाली आहे.

दोन, /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये एक छोटी फाइल करा. पहिल्या नोंदीत पॅकेजच्या जागी तारका, पिनच्या जागी त्या रिपॉझिटरीचा ओरिजिन (ती कुठून येते ते) आणि प्राधान्यता १००. खाली दुसरी नोंद, तोच ओरिजिन, पण पॅकेजच्या जागी हवं तेवढंच नाव आणि प्राधान्यता ५००. आता ती रिपॉझिटरी डिस्ट्रोचं दुसरं कुठलं पॅकेज ओलांडू शकत नाही. पुन्हा "ॲप्ट पॉलिसी" चालवा आणि आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज डेस्कटॉपच्या ॲपसाठी सोयीचे आहेत, सर्व्हरवर मी त्यांच्या वाटेला जात नाही. फ्लॅटपॅक घेताना त्याने पूर्ण फाइलसिस्टमची परवानगी मागितली आहे का ते बघा, कारण तसं असेल तर सँडबॉक्सला फारसा अर्थ उरत नाही. ॲपइमेज सहसा आपणहून अपडेट होत नाही. कंटेनरमध्येही एक अख्खी डिस्ट्रो असते. इमेज पुन्हा बिल्ड करून उतरवली नाही तर आतल्या लायब्ररी जुन्याच राहतात, मग बाहेरचं मशीन कितीही अपडेट असो. पोटात लायब्ररी बाळगणाऱ्या सॉफ्टवेअरची ही अडचण डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जेच्या त्रुटीने सगळ्यांना दाखवली. पॅकेज मॅनेजरला विचारून भागत नव्हतं, प्रत्येक ॲप्लिकेशनच्या आत शिरून जार फाइली शोधाव्या लागल्या.

चौथी पायरी: विश्वास नक्की कशावर ठेवताय ते तपासा

"मूळ सोर्स म्हणजे शुद्ध" आणि "डिस्ट्रो म्हणजे सुरक्षित" या दोन्ही समजुतींना धक्का देणारी एकेक घटना आहे आणि दोन्ही माहीत असायला हव्यात.

मे २००८ मध्ये उघड झालं की डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये २००६ पासून एक घातक बदल बसला होता. वॅलग्राइंड हे तपासणी साधन इशारे देत होतं, ते थांबवण्यासाठी काही ओळी काढल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर रँडम आकड्यांचा खरा स्रोतच गेला. उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. त्या काळात डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या एसएसएच की अंदाजाने काढता येत होत्या. मूळ ओपनएसएसएलमध्ये ही चूक नव्हती, ती डिस्ट्रोच्या पॅचने आणली.

दुसरी घटना मार्च २०२४ ची. एक्सझेड युटिल्स या फाइली दाबणाऱ्या साधनसंचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार सापडलं. पोस्टग्रेएसक्यूएलचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला आणि त्या धाग्यावरून ते मुळापर्यंत गेले. हे विष मूळ प्रकल्पातच, तिथे विश्वास मिळवलेल्या माणसाच्या हातून आलं होतं. बिल्डच्या वेळी ते चालू करणारी एम४ फाइल गिटमध्ये (कोडच्या सार्वजनिक भांडारात) नव्हतीच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. डेबियन स्टेबलवर जुनी आवृत्ती होती म्हणून ते वाचलं, तर टेस्टिंग आणि सिडपर्यंत ते पोहोचलं होतं. आणखी एक बाब: ओपनएसएसएच स्वतः एक्सझेडची लायब्ररी वापरत नाही. सिस्टमडीला सूचना देण्यासाठी काही डिस्ट्रोंनी त्याला पॅच लावला होता आणि त्या पॅचमधून ही लायब्ररी एसएसएच सर्व्हरमध्ये ओढली जात होती. म्हणजे दरवाजा अपस्ट्रीमने बनवला आणि तिथवरची वाट डिस्ट्रोच्या पॅचने.

यातून कामाचं काय? सोर्स घेताना टारबॉल घेताय की गिटचा टॅग, हे जाणीवपूर्वक ठरवा. दोन्ही उतरवून "डिफ -आर"ने ताडून बघता येतात. टारबॉलमध्ये कॉन्फिगर स्क्रिप्टसारख्या तयार फाइली जास्तीच्या असतातच, पण बाकी फरक कशामुळे आहे ते कळायला हवं. पायाच्या थरात नसलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत प्रकाशन झाल्या दिवशीच उडी मारू नका, थोडे आठवडे जाऊ द्या. अपवाद सुरक्षा दुरुस्तीचा, ती लगेच घ्यावी.

सही तपासा. त्याच पानावर लिहिलेला चेकसम फक्त डाउनलोड अर्धवट झालं नाही एवढंच सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचं संकेतस्थळ फोडून लोकांना बदललेल्या आयएसओकडे वळवलं गेलं होतं. संकेतस्थळच हल्लेखोराच्या हाती असेल तर शेजारचा चेकसमही तो बदलू शकतो. "जीपीजी --व्हेरिफाय" चालवा आणि कीचा फिंगरप्रिंट त्या संकेतस्थळाबाहेरच्या ठिकाणाशी जुळवा. सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे डिस्ट्रोचं सोर्स पॅकेज. डेबियनच्या बऱ्याच पॅकेजांच्या डेबियन/अपस्ट्रीम डिरेक्टरीत मूळ लेखकाची की ठेवलेली असते.

"कर्ल" करून (नेटवरून उतरवून) थेट "बॅश"मध्ये (आज्ञा चालवणाऱ्या शेलमध्ये) ओतायला सांगणारी कृती दिसली तर स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवा आणि वाचा. बहुतेकदा त्यात रिपॉझिटरी जोडण्याच्याच चार ओळी असतात. त्या वर सांगितल्याप्रमाणे हाताने कराव्यात.

पाचवी पायरी: सोर्समधूनच घ्यायचं ठरलं तर आधी पॅकेज बनवून बघा

हा टप्पा बहुतेक लेख गाळतात, म्हणून इथे थोडं थांबतो. एक पॅच हवा असेल किंवा थोडी नवी आवृत्ती हवी असेल, तर डिस्ट्रोचंच सोर्स पॅकेज घेऊन त्यात बदल करता येतो. सोर्सेस यादीत "डेब-एसआरसी" चालू करा. "ॲप्ट सोर्स" मूळ सोर्स आणि डिस्ट्रोचे पॅच उतरवतं. "ॲप्ट बिल्ड-डेप" बिल्डला लागणारं सगळं बसवतं. पॅच लावा, "डीसीएच --लोकल"ने चेंजलॉगमध्ये नोंद करा आणि "डीपीकेजी-बिल्डपॅकेज -बी -यूएस -यूसी" चालवा. वरच्या डिरेक्टरीत तुमची डेब फाइल तयार.

आवृत्तीचं नाव विचारपूर्वक द्या. समजा मूळ आवृत्ती २.४-१ आहे. तुमची २.४-१लोकल१ ठेवलीत तर ती मूळपेक्षा मोठी ठरते, म्हणून बसते. उद्या डेबियनने सुरक्षा दुरुस्ती २.४-१+डेब१२यू१ काढली तर ती तुमच्यापेक्षा मोठी ठरते, कारण डीपीकेजीच्या क्रमवारीत अक्षरं अधिक चिन्हाच्या आधी येतात. दुरुस्ती आपोआप येईल, तुमचा पॅच जाईल, तो पुन्हा लावून बिल्ड करायचा. हाच क्रम बरोबर आहे. उलट पुढच्या प्रकाशनातलं पॅकेज मागे आणत असाल तर टिल्डे वापरा: २.६-१~लोकल१ ही आवृत्ती २.६-१ पेक्षा लहान ठरते, त्यामुळे डिस्ट्रो अपग्रेड केल्यावर अधिकृत पॅकेज आपणहून तुमची जागा घेतं. डेबियनचे बॅकपोर्ट्स अशाच नावाने येतात.

पॅकेज केल्याने डीपीकेजीला प्रत्येक फाइलचा ठावठिकाणा राहतो. "डीपीकेजी --सर्च" उत्तर देतं, काढताना सगळं निघतं. "मेक अनइन्स्टॉल"ची सोय प्रत्येक प्रकल्प देत नाही, आणि दिली तरी तीच सोर्स डिरेक्टरी जपून ठेवलेली असावी लागते.

सहावी पायरी: थेट सोर्समधून बसवताना

पॅकेज करणं झेपत नसेल किंवा सॉफ्टवेअर डिस्ट्रोत नसेलच, तर असं करा.

बिल्ड साध्या युजरने करा. रूटचा अधिकार लागलाच तर फक्त शेवटच्या इन्स्टॉलला.

फाइलसिस्टमच्या प्रमाणित रचनेनुसार /यूएसआर हा भाग डिस्ट्रोचा, तुमच्यासाठी /यूएसआर/लोकल आणि /ऑप्ट. प्रीफिक्स (फाइली जिथे बसतील ती मूळ डिरेक्टरी) म्हणून /यूएसआर कधीही देऊ नका. पॅकेज मॅनेजर पुढच्या अपडेटला तुमच्या फाइलींवर स्वतःच्या फाइली लिहील आणि तुमच्या उरलेल्या फाइली त्याला माहीतच नसतील. माझी पसंती प्रत्येक आवृत्तीला वेगळी डिरेक्टरी देण्याला आहे, म्हणजे /यूएसआर/लोकल/स्टो/नाव-आवृत्ती हा प्रीफिक्स, आणि मग जीएनयू स्टो वापरून तिथल्या फाइलींचे सिमलिंक /यूएसआर/लोकल मध्ये. "स्टो -डी", इथला डी मोठा, सगळे दुवे काढतं. नवी आवृत्ती बिघडली तर जुनी पुन्हा जोडायला दोन आज्ञा लागतात.

कॉन्फिगरच्या शेवटी येणारा सारांश ओळीने वाचा. एखादी डेव्ह लायब्ररी सापडली नाही तर बरेच प्रकल्प थांबत नाहीत, ती सोय गुपचूप बंद करून पुढे जातात. काही सोयी तर मागितल्याशिवाय येतच नाहीत. एनजिनएक्स घ्या. सोर्समधून काही पर्याय न देता बिल्ड केलात तर एचटीटीपीएसचं मॉड्यूल त्यात नसतं, ते "--विथ-एचटीटीपी_एसएसएल_मॉड्यूल" लिहून मागावं लागतं. डिस्ट्रोच्या एनजिनएक्सला मोठ्या व्हीचा पर्याय दिला की तो स्वतः कुठल्या पर्यायांनी बिल्ड झाला ते छापतो. ती ओळ समोर ठेवून आपले पर्याय ठरवा. इतर सॉफ्टवेअरसाठी हीच माहिती सोर्स पॅकेजमधल्या डेबियन/रूल्स फाइलीत मिळते. तसेच "डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्ज" डिस्ट्रोचे हार्डनिंग फ्लॅग (हल्ला अवघड करणारे कंपायलरचे पर्याय) देतं. ते घेतले नाहीत तर तुमचं बिल्ड नवं असूनही संरक्षणात कमी पडेल.

"मेक चेक" किंवा "मेक टेस्ट" असेल तर चालवा. इन्स्टॉल करण्याआधी "डेस्टडिर" देऊन एका रिकाम्या डिरेक्टरीत लटकं इन्स्टॉल करून बघा. कुठल्या फाइली कुठे जाणार ते दिसेल आणि ती यादी जपून ठेवता येईल. सीमेकचे प्रकल्प बिल्ड डिरेक्टरीत इन्स्टॉल_मॅनिफेस्ट नावाची यादी स्वतःच करतात.

सेवा असेल तर पॅकेज जे तुमच्या वतीने करतं तेही तुमच्याकडे आलं: वेगळा सिस्टम युजर, /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये युनिट फाइल, लॉग फिरवण्याची सोय.

सातवी पायरी: पाथ आणि लायब्ररींचे घोटाळे

बसवून झालं, आज्ञा दिली, तरी जुनीच आवृत्ती उत्तर देते. बॅश एकदा सापडलेल्या आज्ञेचा पत्ता लक्षात ठेवतो, म्हणून "हॅश -आर" द्या. मग "टाइप -ए" आणि आज्ञेचं नाव. पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत) असलेल्या सगळ्या प्रती क्रमाने दिसतील, पहिली ती चालणारी.

तुमच्या शेलमध्ये नवी चालली म्हणजे सगळीकडे तीच चालेल असं नाही. डेबियनवर क्रॉनचा (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेचा) पाथ मुळात /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. त्यामुळे हाताने चालवलेली बॅकअप स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल मधलं नवं साधन वापरते आणि रात्री क्रॉनमधून तीच स्क्रिप्ट डिस्ट्रोचं जुनं साधन वापरते. दोन आवृत्त्यांची फाइल रचना वेगळी असेल तर हा दोष शोधता शोधता दिवस जातो. सुडोचा पाथही स्वतंत्र असतो, होममधलं साधन त्याला सापडत नाही. क्रॉन, युनिट फाइली आणि स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता लिहा.

लायब्ररींचं प्रकरण जास्त नाजूक. डेबियनवर /यूएसआर/लोकल/लिब ही डिरेक्टरी लोडरच्या यादीत आधीच असते, आणि डिस्ट्रोच्या लायब्ररींच्या आधी शोधली जाते. तिथे तुम्ही त्याच सोनेमची (लायब्ररीच्या आत नोंदलेल्या नावाची) लायब्ररी टाकली आणि "एलडीकॉन्फिग" चालवलं, की डिस्ट्रोचे प्रोग्रॅमही तुमचीच उचलतात. पुढे ॲप्ट त्या लायब्ररीची सुरक्षा दुरुस्ती बसवेल, सगळं हिरवं दाखवेल, आणि प्रत्यक्षात चालत राहील तुमची जुनी प्रत. रेड हॅट कुळात ही डिरेक्टरी मुळात यादीत नसते, तिथे उलट अडचण येते, तुमच्या प्रोग्रॅमलाच लायब्ररी सापडत नाही. दोन्हीकडे उपाय एकच: लायब्ररी वेगळ्या प्रीफिक्समध्ये ठेवा, बिल्ड करताना आरपाथ देऊन फक्त तुमच्या प्रोग्रॅमला तिचा पत्ता सांगा आणि "एलडीडी"ने (प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररी उचलतो ते दाखवणाऱ्या आज्ञेने) खात्री करा.

पायथॉनसाठी हे भांडण बरंचसं मिटलं आहे. पीईपी ६६८ हा पायथॉनचा नियम आल्यापासून डेबियन १२ सारख्या प्रकाशनांत सिस्टमच्या पायथॉनमध्ये "पिप" (पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन) थेट काही बसवत नाही, "बाहेरून सांभाळलेलं वातावरण" अशी चूक दाखवून थांबतं. "--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस" देऊन ती ओलांडू नका. प्रकल्पासाठी व्हेन्व (पायथॉनचं वेगळं वातावरण), आज्ञा म्हणून चालणाऱ्या साधनासाठी पिपएक्स.

आठवी पायरी: नोंद आणि देखभाल

प्रत्येक मशीनवर एक साधी मजकूर फाइल ठेवा. डिस्ट्रोबाहेरून आलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी त्यात आवृत्ती, टारबॉलचा चेकसम, कॉन्फिगरची पूर्ण ओळ, बसवल्याची तारीख आणि दुसऱ्या पायरीत लिहिलेलं गरजेचं वाक्य उतरवा. त्याच दिवशी प्रकल्पाच्या सुरक्षा घोषणांसाठी नाव नोंदवा. घोषणा पाठवण्याची कुठलीच सोय नसलेला प्रकल्प सर्व्हरवर सोर्समधून बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकापेक्षा जास्त माणसं मशीन सांभाळत असतील तर कोण ही घोषणा वाचणार त्याचं नावही लिहा.

बग सापडला तर डिस्ट्रोच्या पॅकेजचा बग आधी डिस्ट्रोकडे नोंदवा. मूळ लेखकाने न लावलेले पॅच त्यात असू शकतात आणि दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीची तक्रार त्याच्या गळ्यात मारणं अन्यायाचं आहे. तोच बग ताज्या सोर्समध्येही येतोय हे एका तात्पुरत्या डिरेक्टरीत बिल्ड करून दाखवलंत, तर दोन्हीकडच्या लोकांचा वेळ वाचतो.

डिस्ट्रोचं मोठं अपग्रेड करण्याआधी ही फाइल उघडा आणि बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करा. अपग्रेडनंतर "ॲप्ट लिस्ट '?ऑब्सलीट'" चालवा. कुठल्याही रिपॉझिटरीत नसलेली, मागे राहिलेली पॅकेजं दिसतात. सोर्समधून बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमवर "एलडीडी" चालवा. लायब्ररींचे सोनेम बदलले असतील तर "नॉट फाउंड" अशा ओळी येतील, ते प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करावे लागतील. पण बिल्डला बसण्याआधी नव्या प्रकाशनातली आवृत्ती बघा. तुमच्या वाक्यातली सोय आता डिस्ट्रोत आली असेल तर "स्टो -डी", प्रीफिक्सची डिरेक्टरी हटवा, डिस्ट्रोचं पॅकेज बसवा, "हॅश -आर" द्या, सेवा पुन्हा सुरू करा आणि फाइलीतली ती नोंद काढून टाका.